शंका गावाची, शंका सरकारची

२०२५ च्या जुलैत दहा दिवसांच्या अंतरानं दोन निकाल लागले आणि आमच्या गावाकडच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लोकांनी दहा दिवसांत दोन्ही भूमिका वठवून दाखवल्या. २१ जुलैला मुंबई उच्च न्यायालयानं २००६ च्या लोकल बॉम्बस्फोटांतल्या बारा जणांची शिक्षा रद्द केली. त्यातल्या पाच जणांना खालच्या कोर्टानं फाशी सुनावली होती. ३१ जुलैला मुंबईतल्याच विशेष न्यायालयानं मालेगावच्या २००८ च्या स्फोटातल्या सातही आरोपींना सोडलं. पहिल्या निकालावर ‘न्यायव्यवस्थेचं वाटोळं झालं’ म्हणणाऱ्यांनी दुसऱ्या निकालावर ‘सत्यमेव जयते’ टाकलं. पहिल्या निकालावर ‘उशिरा का होईना, न्याय झाला’ म्हणणाऱ्यांना दुसऱ्या निकालात पुरावे दाबल्याचा वास आला. धुळ्याहून मालेगाव तासाभराच्या वाटेवर आहे. त्यामुळे आमच्याकडे हा विषय टीव्हीवरचा राहत नाही, कोणाच्या तरी ओळखीपाळखीपर्यंत जाऊन पोचतोच.

त्या गदारोळात बापूंनी एक व्हॉइस मेसेज टाकला. बापू म्हणजे माझे थोरले काका. बांधाच्या वादापायी अमळनेरच्या कोर्टात तारखा करता करता म्हातारे झाले. आधी घसा खाकरला, मग म्हणाले, “सुटना म्हंजे काय धुयेल तांदूय शे का?” (सुटला म्हणजे काय धुतल्या तांदळासारखा आहे का?) दोन्ही बाजूंनी अंगठे दिले. बापू आपल्याच बाजूचे, असं दोघांनाही वाटलं.

बापूंचं चुकलंय असं मी म्हणणार नाही. दोन्ही निकालांत माणसं सुटली, पण कोर्ट दोन्हीकडे सारखं बोललेलं नाही. उच्च न्यायालय म्हणालं की सरकार पक्ष गुन्हा सिद्ध करण्यात पूर्णपणे अपयशी ठरला आणि या लोकांनी तो केला असेल यावर विश्वास ठेवणं अवघड आहे. विशेष न्यायालय म्हणालं की नुसता संशय पुराव्याची जागा घेऊ शकत नाही. दुसरं वाक्य पहिल्याइतकं लांब जात नाही, हे कायदा न शिकलेल्यालाही कळतं. तरी शेवटी दोन्हीकडे शिक्का तोच. मग ग्रुपवरच्या एका वकील भाच्यानं सूचना केली, आणि ती बऱ्याच जणांना पटली, की कोर्टानं सुटणाऱ्यांचेही दोन प्रकार करावेत. ज्यानं खरोखर काही केलं नाही तो एका कप्प्यात, पुरावा कमी पडला म्हणून सुटला तो दुसऱ्या.

हा दुसरा कप्पा मी राहतो त्या देशात जवळजवळ तीनशे वर्षं होता. नुकताच बंद केला. का केला, ते सांगायला हा लेख.

मी ग्लासगोत राहतो. स्कॉटलंडचा फौजदारी कायदा इंग्लंडपेक्षा वेगळा. इथे पंधरा जणांची ज्युरी बसते आणि तिच्यापुढे तीन निकाल असायचे: दोषी, दोषी नाही, आणि तिसरा ‘नॉट प्रूव्हन’, म्हणजे सिद्ध झालं नाही. शेवटच्या दोन्हींचा कायदेशीर परिणाम एकच. माणूस घरी जातो आणि त्याच्या नावावर काही राहत नाही. मग फरक काय? गंमत अशी की तो ज्युरीला समजावून सांगू नका, असंच न्यायाधीशांना सांगितलेलं असे. ज्यानं त्यानं आपल्या मनाशी ठरवायचं. ‘तू केलं नाहीस, पण पुन्हा करू नकोस’ ही त्या निकालावरची इथली जुनी थट्टा.

मलाही एकदा ज्युरीची नोटीस आली होती. इथे राहणाऱ्या भारतीय नागरिकाला मतदार यादीत नाव घालता येतं, आणि यादीत नाव असलं की कधी ना कधी हे येतं. ग्लासगो ग्रीनसमोरच्या हायकोर्टात सकाळपासून बसलो, नावांच्या चिठ्ठ्या निघाल्या, माझी निघाली नाही, दुपारी घरी आलो. सांगायचं ते एवढंच की तिथे शेजारी बसलेल्या दोघांना मी तिसऱ्या निकालाचा अर्थ विचारला तर दोघांनी दोन सांगितले. एक म्हणाला, ‘त्यानंच केलंय, पण पोलीस कमी पडले.’ दुसरी म्हणाली, ‘आमचं एकमत होत नाही.’ आणि इथे तर एकमत लागतच नाही, पंधरात आठ झाले की पुरे होत. २०१९ मध्ये ६४ लुटुपुटीच्या ज्युरी बसवून इथे एक मोठा अभ्यास झाला, त्यातही हाच घोळ दिसला होता. लोक या निकालात आपापल्या मनातलं काहीही भरत होते.

माझ्या ऑफिसच्या वाटेवर ब्लाइद्सवूड चौक लागतो. तिथल्या एका घरात मॅडलिन स्मिथ राहायची, एका नावाजलेल्या वास्तुविशारदाची मुलगी. प्रियकराला सोमल घालून मारल्याचा तिच्यावर १८५७ मध्ये खटला चालला आणि खुनाच्या आरोपावर निकाल आला, सिद्ध झालं नाही. ती सुटली, शहर सोडून गेली, पुढे अमेरिकेत म्हातारी होऊन वारली. पण खटला काही संपला नाही. दीडशेहून अधिक वर्षं झाली, लोक अजून त्या तळघराच्या खिडकीकडे बोट दाखवून पर्यटकांना विचारतात, तुम्हाला काय वाटतं? दुसरा कप्पा देतो तो एवढाच. शंका कोर्टात मिटत नाही, उलट तिला कोर्टाचा शिक्का मिळतो.

गंमत म्हणजे हा निकाल बंद करा म्हणून सगळ्यात जास्त आवाज सुटलेल्या आरोपींनी उठवला नाही, तक्रार करणाऱ्या बायकांनी उठवला. सेंट अँड्र्यूजमधल्या बलात्काराच्या एका खटल्यात ज्युरीनं हा निकाल दिला. फिर्यादी तरुणी तिथे थांबली नाही. तिनं त्याच माणसावर दिवाणी दावा लावला. दिवाणीत निःसंशय पुरावा लागत नाही, कोणती बाजू अधिक संभवनीय एवढंच बघतात. २०१८ मध्ये दिवाणी न्यायालयानं बलात्कार झाला असं ठरवून तिला ८०,००० पौंड भरपाई दिली. मग तिनं मोहीम उघडली. तिची मागणी सरळ होती: हा निकालच बंद करा. १७ सप्टेंबर २०२५ ला स्कॉटिश संसदेनं तिसरा निकाल रद्द करणारा कायदा मंजूर केला आणि त्याच वेळी दोषी ठरवायला पंधरात किमान दहा मतं लागतील असंही ठरवलं. मालेगावचा निकाल लागून दोन महिनेही झाले नव्हते. आमच्या ग्रुपवर जो कप्पा मागत होते, तो इकडे मोडीत निघत होता.

आता गावाकडे येतो, कारण खरी गोम तिथे आहे.

माझ्या मावसभावाच्या शेजारचं एक पोरगं. बी.ए. झालेलं, पोलीस भरतीसाठी रोज पहाटे सोळाशे मीटर पळणारं. शिवारातल्या विहिरींवरच्या पाणबुडी मोटरींची केबल चोरीला जाणं आमच्याकडे नवं नाही. आतली तांब्याची तार भंगारात जाते आणि शेतकरी ऐन उन्हाळ्यात केळी करपताना बघत बसतो. अशाच एका चोरीत पारावर बसणाऱ्या चौघांना उचललं, त्यात हा. भादंवि ३७९ सह ३४, म्हणजे चौघांनी मिळून केलेली चोरी. सहा वर्षं तारखा आणि मग सुटला. त्या निकालपत्राचे फोटो मावसभावानं मला पाठवले, दाखवायला की बघ, पोरगं सुटलं. मी पहिल्यांदाच आपल्याकडच्या तालुका कोर्टाचं निकालपत्र ओळ न ओळ वाचलं.

सुरुवातीला सरकार पक्षाचं म्हणणं. मग कागदाला मधोमध रेघ, डावीकडे ‘मुद्दे’, उजवीकडे ‘निष्कर्ष’. मुद्दा पहिला: आरोपींनी अमुक तारखेला अमुक गटातून फिर्यादीची केबल लबाडीच्या इराद्यानं चोरून नेली हे सरकार पक्षानं सिद्ध केलं आहे काय? त्यासमोर एकच शब्द, ‘नाही’. पुढे कारणं. जप्तीचा पंच साक्षीला आला आणि म्हणाला, मला ठाण्यात बोलावून कोऱ्या कागदावर सही घेतली, माझ्यासमोर काहीही जप्त झालं नाही. त्याला फितूर ठरवलं. दुसरा पंच आलाच नाही. फिर्यादी शेतकऱ्याला केबल दाखवली तर तो म्हणाला, अशी केबल सगळ्यांकडे असते. शेवटी आदेश: मुक्तता, जामीनपत्र रद्द, मुद्देमालाची विल्हेवाट अपिलाच्या मुदतीनंतर.

साऱ्या निकालपत्रात ‘पोरानं केबल चोरली का’ हा प्रश्न कुठेही नाही. तो कोर्टापुढे नव्हताच. सरकारनं एक दावा केला होता, तो त्याला पेलला नाही, एवढंच कोर्टानं सांगितलं. पोरानं चोरली असेल, नसेलही. माझ्यापुरतं विचाराल तर चौघांतल्या दोघांवर माझा आजही संशय आहे, याच्यावर नाही. पण माझ्या संशयाला विचारतो कोण, आणि विचारू तरी का?

पोरगं नंतर भरतीत बसलं. मैदानी झाली, लेखी झाली, यादीत नाव लागलं. मग चारित्र्य पडताळणीचा फॉर्म आला. तुमच्यावर कधी गुन्हा दाखल झाला होता का? त्यानं खरं लिहिलं आणि निकालपत्राची नक्कल जोडली. काही महिन्यांनी पत्र आलं: संशयाचा फायदा मिळून मुक्तता झाली असल्यानं नियुक्तीस अपात्र.

म्हणजे वकील भाच्याला हवा असलेला दुसरा कप्पा आपल्याकडे आहे. फक्त कोर्टात नाही, कचेरीत आहे. तिथे ‘सन्मानपूर्वक’ सुटलेले वेगळे आणि ‘संशयाचा फायदा’ मिळालेले वेगळे. असला भेद फौजदारी प्रक्रिया संहितेला ठाऊकच नाही, हे सर्वोच्च न्यायालयानंच २०१२ मध्ये सांगितलं. पण त्याच निकालात आणि २०१३ च्या दिल्ली पोलिसांच्या प्रकरणात नोकरीपुरता तो चालवूनही घेतला. २०१६ मध्ये तीन न्यायमूर्तींच्या पीठानं थोडी शिस्त आणली: माहिती लपवली होती का, गुन्हा किती गंभीर, सुटका कशामुळे, हे सगळं बघून नेमणूक करणाऱ्यानं ठरवावं. कागदावर हे समजूतदार आहे. प्रत्यक्षात कचेरीतला कारकून निकालपत्राची वीस पानं वाचत नाही. ‘संशयाचा फायदा’ हे दोन शब्द शोधतो आणि शेरा मारतो.

परदेशात राहून मायदेशाला नाकं मुरडणं सोपं असतं, म्हणून हेही सांगतो. ब्रिटन यात काही सोवळं नाही. मँचेस्टरकडच्या एका टॅक्सीचालकावर प्रवासी मुलीवर बलात्कार केल्याचा खटला झाला, तो सुटला. पुढे नोकरीसाठी वर्तणुकीचा दाखला मागितला तर त्यावर सुटलेल्या खटल्याची हकिगत छापून आली. त्यानं सर्वोच्च न्यायालयापर्यंत झगडा दिला आणि २०१८ मध्ये तो हरला. इंग्लंडात तर २०१४ पासून कायदा असा की चुकीच्या शिक्षेबद्दल भरपाई हवी असेल तर नव्या पुराव्यानं आपण गुन्हा केला नाही हे निःसंशय दिसलं पाहिजे. आयुष्याची दहा-पंधरा वर्षं तुरुंगात घालवलेल्या माणसाला सरकार म्हणतं, आता तू सिद्ध कर. सरकारची शंका जायला तयार नसते, देश कोणताही असो.

पण एका बाबतीत इकडचं आणि तिकडचं मोजमाप वेगळं आहे, ते म्हणजे वेळ. आरोपी कोठडीत असेल तर ११० दिवसांत खटला उभा राहिला पाहिजे, असा स्कॉटलंडचा जुना दंडक. पुढे मोठ्या खटल्यांना तो १४० दिवसांचा झाला, कोरोनात आणखी ढिला पडला, आणि त्यावरून इथले लोक अजून कुरकुरतात. आता भुसावळचं बघा. १९९४ च्या मेमध्ये राज्यातून आणि बाहेरून अकरा मुस्लिम तरुणांना पकडलं. बाबरीचा सूड घ्यायला भुसावळात कट शिजत होता, असा आरोप, कायदा टाडा, म्हणजे तेव्हाचा दहशतवादविरोधी कायदा. टाडा १९९५ मध्ये संपला, खटला संपला नाही. २७ फेब्रुवारी २०१९ ला नाशिकच्या विशेष टाडा न्यायालयानं अकराही जणांना सोडलं. पुरावा नाही, आणि टाडानं घालून दिलेली तपासाची बंधनंही पाळली नव्हती. पंचवीस वर्षं. पकडले तेव्हाचे विशीतले सुटले तेव्हा पन्नाशीकडे झुकलेले.

हे अकरा जण ‘पुराव्याअभावी’ सुटले की खरोखरच काही केलं नव्हतं म्हणून? पंचवीस वर्षांनी याचं उत्तर कुठलं कोर्ट देणार? साक्षीदार जातात, तपास अधिकारी निवृत्त होतात, कागदांना वाळवी लागते. इतक्या वर्षांनी शंका उरतेच, आणि ती उरण्यात आरोपीचा हात नसतो. खटला पंचवीस वर्षं ज्यानं लांबवला त्या सरकारनंच मग म्हणायचं की तुमची सुटका पुरेशी स्वच्छ नाही, हे मला पचत नाही. इथल्या ऑस्कर स्लेटरची गोष्टही याच जातीची. १९०९ मध्ये ग्लासगोतल्या एका वृद्धेच्या खुनाबद्दल त्याला दोषी ठरवलं. पंधरातले नऊ दोषी म्हणाले, पाच ‘सिद्ध नाही’ आणि एक ‘दोषी नाही’. फाशीची जन्मठेप झाली. अठरा वर्षांहून जास्त काळ त्यानं तुरुंगात काढला. १९२८ मध्ये शिक्षा रद्द झाली ती न्यायाधीशांनी ज्युरीला चुकीचं मार्गदर्शन केलं या मुद्द्यावर. त्यानं खून केला नाही, असं त्याही कोर्टानं म्हटलं नाही. पण सरकारनं ६,००० पौंड दिले, तू आधी स्वच्छ असल्याचं दाखव म्हणून अडवलं नाही.

आता बापूंचा मुद्दा उरतोच. तो मी सोडणार नाही, कारण तो हलका नाही. आपल्याकडे माणसं कशी सुटतात ते गावाला माहीत असतं. पंचाला कोण भेटलं, फिर्यादीच्या सोयऱ्याला कोणी गळ घातली, पोरीच्या बापाला ‘तुझ्या दुसऱ्या पोरीचं लग्न व्हायचंय’ असं कोणी ऐकवलं. अत्याचाराच्या किती खटल्यांत फिर्यादी स्वतःच कोर्टात ‘मला काही आठवत नाही’ म्हणते. तिनं खोटी फिर्याद दिली होती असा त्याचा अर्थ काढणारे चावडीवर तयार असतात, आणि सुटलेल्या माणसाचे हार-फटाके तिच्याच दारावरून जातात. सेंट अँड्र्यूजच्या खटल्यानं दाखवलं तेच हे. सरकारला सिद्ध करता आलं नाही, म्हणून तिच्यावर झालंच नाही असं होत नाही. अशा वेळी गावानं मनात शंका ठेवली, त्या माणसाला पंगतीला बोलावलं नाही, आपली पोरगी त्या घरात दिली नाही, तर मी गावाला दोष देणार नाही. मीही तेच करीन.

मात्र ‘गावाला सगळं ठाऊक असतं’ हे वाक्य उच्चारायच्या आधी साक्री तालुक्यातलं राईनपाडा आठवावं. १ जुलै २०१८, रविवार, बाजाराचा दिवस. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच भिक्षेकरी. मोबाइलवर मुलं पळवणाऱ्या टोळीच्या अफवा फिरत होत्या. गावाला खात्री होती. पाचही जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारून टाकलं. ती खात्री किती पक्की असेल, याचा मी कधी कधी विचार करतो. आमच्या बापूंना सुटलेल्या आरोपीबद्दल असते त्यापेक्षा कमी नक्कीच नसणार.

म्हणून माझं म्हणणं ग्रुपवर मी असं मांडलं (आणि त्यावर फारसे अंगठे आले नाहीत): शंका गावानं ठेवावी, पण तिचा निकाल करू नये. सरकारनं मात्र ठेवूच नये. त्याला संधी मिळाली होती. पोलीस त्याचे, वकील त्याचे, पंच त्यानं निवडलेले, वर्षंही त्यानंच घालवलेली. तरी हरल्यावर तीच जुनी फिर्याद चारित्र्य पडताळणीच्या टेबलावर पुन्हा उघडायची आणि या वेळी पुरावाही मागायचा नाही, हा दुसरा खटला झाला. आणि त्यात आरोपीला वकील नाही. एखाद्या खात्याला खरोखरच वाटत असेल की फितुरीच्या जोरावर सुटलेला माणूस वर्दीत नको, तर त्यानं कष्ट घ्यावेत. नव्यानं चौकशी करावी, त्या माणसाला समोर बसवून ऐकून घ्यावं, दिवाणीत बघतात तसं संभवनीयतेवर तोलावं आणि कारणं लिहून द्यावीत. त्या स्कॉटिश पोरीनं एकटीनं हे केलं. सरकारला जमायला हरकत नसावी.

भाचा म्हणाला, मामा, असं करायला गेलं तर भरत्या दहा वर्षं चालतील. चालतील कदाचित. पण केबल चोरीच्या गुन्ह्यात सुटलेल्यांची पडताळणी दोन शब्द शोधून करायची की दहा पानं वाचून, यानं भरती दहा वर्षं अडत नाही.

भारताच्या विधी आयोगानं २०१८ मध्ये २७७ वा अहवाल दिला. चुकीच्या खटल्यात अडकवलेल्यांना सरकारनं भरपाई द्यावी आणि त्यासाठी वेगळी न्यायव्यवस्था असावी, असं त्यात सुचवलं आहे. तसा कायदा काही आला नाही. त्यानंतर संपूर्ण फौजदारी प्रक्रिया संहिताच बदलली, १ जुलै २०२४ पासून नवी लागू झाली. विनाकारण अटक करवली गेल्यास भरपाई देणारं जुनं कलम ३५८ नव्या संहितेत ३९९ झालं आहे. ती सरकारनं नाही, ज्याच्या सांगण्यावरून अटक झाली त्यानं द्यायची. रक्कम जुन्या कायद्यात होती तेवढीच, जास्तीत जास्त १,००० रुपये. अमळनेरच्या कोर्टात सहा वर्षं तारखेला यायचं तर पोराचं एसटीचं भाडं तरी यात निघेल का, हे मी मावसभावाला विचारलं नाही.